अंगण वाकडं होतं

एस्कनाबाच्या शाळेची व्यायामशाळा. मार्च.
बाहेर सरोवर अजून गोठलेलं,
आत पॉपकॉर्नचा वास, आणि करड्या गालिच्यावर
पोरांनी बांधलेली यंत्रं एकमेकांना ढुशा देतात.
मी मैदान दुरुस्त करणारा.
दोन सामन्यांच्या मधे सहा मिनिटं,
एक पान्हा, चिकटपट्टीचं रीळ,
आणि माझं न ऐकणारे दोन गुडघे.

अडतिसाव्या सामन्यात कुणीतरी उताराच्या कडेला धडकलं.
धडकेला दंड नाही; ते जिंकून जेवायला गेले.
कडेच्या पट्टीचा स्क्रू निसटला होता.
सापडला, पण त्याचं भोक फाटलेलं.
वरून चिकटपट्टी लावली, अंगठ्याने दाबली,
स्क्रू खिशात टाकला.
घड्याळ उलटं मोजत होतं.
हात वर केला : मैदान तयार.

एकेचाळिसाव्यात ऑडेटचं यंत्र तिथंच अडलं.
पट्टी आठ मिलिमीटर वर, चाक तिच्याखाली,
आणि सुटायच्या धडपडीत
यंत्राचा लांब हात पलीकडच्यांच्या हद्दीत गेला.
निशाण उठलं. पंधरा गुण त्यांना.
ऑडेट हरली अकरांनी.

नाचता येईना अंगण वाकडं,
बाकांवर कुणाच्या तरी ओठांवर हे आलंच असणार.
बहुतेक वेळा खरंही असतं.
पण म्हणीतलं अंगण
कुणी टेप लावून मोजलेलं नाही.

प्रश्न विचारायचा तर जमिनीवर एक चौकोन आखलाय.
त्यात उभं राहायचं, एकट्याने,
फोनमधलं चित्रण कुणी बघणार नाही.
ऑडेट सतरा वर्षांची. चौकोनात तिचे बूट मावत होते, हात मावत नव्हते.
"हात पलीकडे गेला, मान्य," ती म्हणाली.
"का गेला, ते विचारायला आलेय."

व्हर्ना सिकोला मुख्य पंच. नियम तिला पाठ, तरी पुस्तक उघडते.
हद्द ओलांडली की दंड, हेतू विचारायचा नाही.
नियम चांगला आहे. हेतू विचारत बसलो
तर उन्हाळा येईल, पहिली फेरी संपणार नाही.
त्याच्याच खाली, बारीक अक्षरात :
मैदान मोडल्यामुळे निकाल बदलला असेल, तर सामना पुन्हा.
मोडलं होतं का?
तिने माझ्याकडे पाहिलं.

कागदाच्या गिरणीत एकतीस वर्षं काढली मी.
कागद फाटला की रात्रपाळीचा बोनस कापायचे, सरसकट.
रूळ झिजलाय हे फोरमनला ठाऊक होतं.
मलाही.
एका नाताळाआधी लेनर्डचा बोनस गेला, त्याला चार मुलं,
आणि मी डब्यातलं सँडविच खात राहिलो.

खिशातला स्क्रू गरम झाला होता.
तो तिच्या उघड्या पानावर ठेवला.
"साडेअकरापासून माझ्याकडे आहे," म्हणालो.

सामना पुन्हा.
मग निळ्या बाजूचा टेरेन्स आला, चौकोनात नीट उभा राहिला.
"आम्ही काय केलं होतं?"
काहीच नाही, पोरा.
घरी फोन करून सांगितलेला विजय
माझ्या एका स्क्रूपायी परत मागितला.
व्हर्नाने पुस्तक मिटलं. यावर तिच्याकडे पान नव्हतं.

दुसऱ्यांदा पट्टी हलली नाही.
ऑडेटच्या यंत्राचं मनगट मात्र मघाशीच वाकलेलं,
ती हरली एकोणीसनी. दंड शून्य.
गाडा ढकलत जाताना माझ्यापाशी थांबली.
"नवा बसवलात?"
"दोन बसवले."
"बरं," म्हणाली, आणि गेली.

टेरेन्स अजून काचेपाशी उभा होता.
दुसऱ्यांदा जिंकला होता,
आणि पहिल्या वेळेसारखा हसत नव्हता.
मी खाली वाकून
घट्ट असलेले स्क्रू पुन्हा घट्ट करत राहिलो.